अड्याळच्या लग्नाला हिटर लावून

आणीबाणी उठल्यानंतरचा उन्हाळा. भल्या सकाळी नागपूर सोडताना शालिनीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, गाडीत बसण्याआधीच अट घातली. माझ्या जुन्या विलायती गाडीचा हिटर पुन्हा आपोआप सुरू झाला, तर तिच्या माहेरचे धानाचे व्यापारी गुलाबराव गाडी मागताहेत, त्यांना देऊन टाकायची. मी हो म्हणालो. गाडीवर माझा विश्वास होता, निदान भंडाऱ्यापर्यंत.

भंडाऱ्याहून पवनीच्या रस्त्याला वळलो आणि पायांवर गरम वारा येऊ लागला. दोन्हीकडे उन्हानं तडकलेल्या बांध्या (धानाची खाचरं), आणि आम्ही हिटर लावून चाललेलो. शालिनीनं काच खाली केली आणि गुलाबरावांचं नाव तेवढं घेतलं.

अड्याळला मांडवाबाहेर बॉनेट उघडलं, तसे वऱ्हाडी जमले.

"भाऊ, एवढ्या उनात हिटर काहून लावून राहिले?"

मी समजावलं. इंजिन हवा ओढतं, ती ओढ बारीक रबरी नळीतून हिटरच्या झडपेला बंद धरून ठेवते. नळी चिरली की ओढ संपते, झडप उघडते. गाडी थंड देशातली. बिघडली तरी आतला माणूस गारठू नये, ही करणाऱ्यांची माया. त्या मायेनं आमचा जीव चालला होता.

नळीचा एकेक तुकडा तोंडानं ओढून पाहू लागलो. बँडमधला सनईवाला पुढे झाला.

"मले द्या. आपला फुकायचाच धंदा हाये."

"फुंकायचं नाही, ओढायचं आहे."

त्यानं ओढलं आणि आत झडप खटकन मिटली. म्हणजे झडप ठीक, तो तुकडाही ठीक. चीर सापडली ती डॅशबोर्डखालच्या तुकड्यात. सायकलच्या दुकानात नळी मिळाली असती, पण दुकानदार नवरीचा मामा निघाला, दुकानाला कुलूप. काळी चिकटपट्टी गुंडाळली, ती पंगत उठेपर्यंत उन्हानं सुटली.

पंगतीत वडाभात झकास होता. शेजारी गुलाबराव.

"रविवारी गाडी न्यायले येतो. हिटरचं आमी पाहून घेऊ."

मी मान हलवली. वाढपी पुन्हा आला, तर पानावर हात आडवा धरला.

निघताना शालिनीनं चीर कुठे आहे ते विचारलं, वाकून तिथे अंगठा दाबला. वारा थांबला.

"चाला आता," ती म्हणाली.

भंडाऱ्याला इंजिन चालू ठेवूनच थांबलो, तेव्हा चहा मीच कप धरून तिला पाजला. टपरीवाला बघत राहिला. प्रवासात माणूस नवा मुलूख पाहतो म्हणतात. मी येताना रस्ता सोडला तर फक्त बायकोचा अंगठा पाहिला.

घरी इंजिन बंद केलं, तरी अंगठा तिथेच.

"सोड आता."

तिनं बोटावरचा वळ चोळला.

"गुलाबरावले नाही म्हणून कळवा."

"का गं?"

"त्यायच्या घरी असा अंगठा लावून कोण बसणार हाये?"