खुर्चीवर न बसणाऱ्या दिघे बाई

सकाळी शाळेत पोचल्यावर माझं पहिलं काम ठरलेलं असतं. आज कोण रजेवर आहे ते पाहायचं आणि त्यांचे तास कोणाकोणाला द्यायचे ते लिहून स्टाफरूमच्या दारावर लावायचं. रिहे खोऱ्यातल्या आमच्या माध्यमिक शाळेत मी पर्यवेक्षिका आहे आणि बदलीच्या तासांची ही जबाबदारी बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्या दिवशी विज्ञानाच्या मॅडम अचानक रजेवर गेल्या होत्या, पुढचे काही आठवडे येणार नव्हत्या. मी सवयीने बावधनला दिघे बाईंना फोन लावला. फोन त्यांच्या सुनेने उचलला. ‘मॅडम, मीच तुम्हाला कळवणार होते... आई गेल्या. काल दुपारी जेवून झोपल्या, त्या उठल्याच नाहीत.’ नववीच्या विज्ञानाच्या तासाची घंटा वाजली, त्या वर्गाचा गलका व्हरांड्यातून माझ्यापर्यंत येत होता, आणि मी फोन हातात धरून उभी होते.

कुमुद दिघे पुण्यातल्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या. आमच्याकडे त्या बदलीवर यायच्या, दोन बस बदलून. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक, हजेरी आणि खडू काढून ठेवले होते. त्यांनी आधी मागितली एका मुलीची वही. ‘यांच्या मॅडम कशा शिकवतात ते बघते. धडा काय, तो मला येतो.’ वही पाहून झाली आणि त्या वर्गाकडे निघाल्या, काखेत निळ्या कॅनव्हासचं घडीचं स्टूल घेऊन. स्टाफरूममध्ये हशा पिकला. ‘बाई, वर्गात चाललाय की मासे धरायला?’ असं आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी विचारलंसुद्धा. बाई हसल्या नाहीत. रजेवरच्या शिक्षकाच्या खुर्चीवर त्या कधीच बसत नसत. खुर्ची टेबलामागे रिकामी राहायची आणि बाई बाजूला, खिडकीपाशी, स्टुलावर. मुलांना ती रिकामी खुर्ची रोज दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि स्वतःबद्दल म्हणायच्या, ‘एकदा बसले की उठवणार नाही मला. मी ओळखते ना स्वतःला.’

बदलीच्या तासाला लोक काय करतात ते मी इतकी वर्षं पाहते आहे. काही शुद्धलेखन घालून मोबाइल बघत बसतात. काही गोष्टी सांगतात, गाणी म्हणवून घेतात, मुलं खूश. दिघे बाईंना पहिल्यांपेक्षा या दुसऱ्यांचा राग जास्त यायचा. पहिल्यांनी एक तास वाया घालवला, दुसऱ्यांनी परत येणाऱ्या माणसाच्या वाटेत काटे पेरले, असं त्या म्हणायच्या. त्यांचं हे बोलणं तेव्हा मला जरा अति वाटायचं. ते अति नव्हतं हे पवार सरांच्या वेळी कळलं.

पवार सर आमचे गणिताचे शिक्षक. त्या वर्षी शाळा सुरू होताहोताच त्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं आणि दहावीची भूमिती दिघे बाईंकडे आली. सरांची शिकवण्याची एक खास तऱ्हा होती. प्रमेय सोडवताना ते फळ्याच्या डाव्या बाजूला पायरी लिहायचे, उजवी बाजू मोकळी ठेवायचे आणि त्या मोकळ्या जागी खडूने दोनदा टकटक करायचे. ती पायरी का बरोबर आहे, त्याचं कारण वर्गाने मोठ्याने सांगायचं. कोणी बोलेपर्यंत सर पुढे जायचे नाहीत. दिघे बाईंना ही पद्धत फार वेळखाऊ वाटायची, तसं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. तरीही त्यांनी दिवाळीपर्यंत तशीच टकटक करून शिकवलं. पण शिकवण्याची हातोटी लपत थोडीच? वर्ग त्यांच्यावर जीव टाकू लागला. घटक चाचणीचे गुण वाढले, आणि पालकांमध्ये बाईंचं नाव झालं.

दिवाळीनंतर सर हजर झाले, तेव्हा त्यांचा आवाज जवळजवळ गेलेला होता. समोर बसून नीट कान दिला तर ऐकू यायचं, खरखरीत, मध्येच तुटणारं. दोन दिवसांत पालक शाळेत आले. पुढे होते रिह्याचे बबननाना, त्यांची मुलगी सायली दहावीत. एके काळी खाचरात भात लावणारा हा माणूस आता फार्महाउसवाल्यांच्या जमिनींचे व्यवहार बघतो, बोलणं मात्र तेच राहिलेलं. ‘मास्तरबद्दल आमचं काय न्हाई, मॅडम. मला सोता त्येंनीच शिकवलंय, त्येंच्यासारखा मानूस न्हाई. पर आवाजच न्हाई, तर पोरांनी काय त्येंच्या तोंडाकडं बघत बसायचं? पोरांचं दहावीचं वरीस हाय. बाई हायेत ना, त्यास्नीच ऱ्हाऊ द्या.’ सरांना लायब्ररीत बसवा, असं त्यांनीच सुचवलं. खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचं वाटत होतं. मुख्याध्यापकांनी मधला मार्ग काढला. सोमवारी सरांनी दहावीवर एक तास घ्यावा, पालकांच्या वतीने नानांनी मागे बसून पाहावा. जमलं तर वर्ग सरांचा, नाहीतर मार्चपर्यंत बाईंचा. पवार सर स्टाफरूममध्ये माझ्याजवळ येऊन म्हणाले, ‘लायब्ररी चालेल मला.’ ते वाक्य पुरं करायला त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला. पलीकडे दिघे बाई डबा खात होत्या. त्यांनी झाकण इतक्या जोरात लावलं, की सगळ्यांनी वळून पाहिलं.

सोमवारी तासाआधी मी बाईंना गाठलं. तुम्हीही मागे बसा, आणि सरांचा आवाज गेला तर उठून तास पुढे न्या, निदान मुलांसमोर सरांची शोभा नको, असं मी सांगितलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ‘बसते मी. पण उठणार नाही. मी आज उठले तर सर पुन्हा कधी उभे राहायचे नाहीत.’

समरूपतेची उजळणी होती. मी पुढच्या दारापाशी उभी होते. सरांनी त्रिकोण काढला, पायाला समांतर रेषा काढली, आणि बोलायला लागले. दुसऱ्या बाकापर्यंतसुद्धा काही पोचेना. मागून कोणीतरी खोकलं, कुजबुज सुरू झाली. नाना हाताची घडी घालून भिंतीला टेकून बसले होते. सर मोठ्याने बोलायला गेले आणि आवाज पार बंद झाला. ओठ हलत होते, बाहेर काहीच येत नव्हतं... सगळा वर्ग एकदम मागे वळला. मुलं सरांकडे पाहतच नव्हती, ती दिघे बाईंकडे पाहत होती. मीही त्यांच्याकडेच पाहत होते. बाई स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर वही, मान खाली. कोणाच्याही नजरेला नजर दिली नाही. वहीची कड त्यांनी इतकी घट्ट धरली होती, की बोटं पांढरी पडली होती. मला वाटलं, उठतील. आता तरी उठतील. नानांनी बाईंच्या बाजूला झुकून हळूच काही म्हटलं. बाई जागच्या हलल्या नाहीत.

फळ्याकडून टकटक ऐकू आली. सरांनी बोलणं सोडून दिलं होतं. डावीकडे पायरी लिहिलेली होती, आणि उजवीकडच्या मोकळ्या जागी खडू टेकवून ते उभे होते. कोणी बोलेना. सरांनी पुन्हा दोनदा टकटक केली. तो खडूचा आवाज त्या वर्गाने महिनोन्‌महिने रोज ऐकलेला होता. सायली अजून मागेच वळलेली होती. तशीच, बाईंकडे पाहत, ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, ‘सामाईक कोन.’ सरांनी ते लिहिलं. पुढची पायरी, पुन्हा टकटक. ‘संगत कोन,’ दोघी-तिघी म्हणाल्या, आणि या वेळी त्यांची तोंडं फळ्याकडे होती. तिसऱ्या पायरीला ‘कोको कसोटी’ हे सगळ्या वर्गाने एका सुरात सांगितलं, शेजारच्या वर्गात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मध्येच कधीतरी मागच्या बाकांवरची मुलं आपापली दप्तरं उचलून पुढे, दोन बाकांमध्ये जमिनीवर जाऊन बसली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी पुन्हा मागे पाहिलं तेव्हा बाईंची जागा रिकामी होती. मागच्या दाराने त्या केव्हा गेल्या ते नानांनासुद्धा कळलं नाही. जाताना नाना मला एवढंच म्हणाले, ‘बाई लई कडक हायेत तुमच्या. एवढं इनवलं, पर वर बघितलं न्हाई.’

त्यानंतरही बाई बदलीवर येत राहिल्या, दहावीवर मात्र कधी गेल्या नाहीत. त्या वर्गातली मुलं व्हरांड्यात भेटली तर ‘सरांनी आज काय घेतलं?’ एवढंच विचारायच्या आणि पुढे जायच्या. ते मुलांना लागायचं. बाईंनाही लागत असणार.

त्या गेल्याला आता महिना होत आला. शाळेत राहिलेल्या, सुनेकडे पोचवायच्या वस्तू मी लिहून काढल्या. छत्री, डबा, चष्म्याचं घर. चौथ्या ओळीवर स्टूल लिहिलं आणि खोडलं. सुनेला फोन करून, ते शाळेत राहू द्याल का, असं विचारलं. ती म्हणाली, आईंना आवडेल.

खोडलं, कारण त्या सकाळी मी फोन ठेवून स्टाफरूममध्ये गेले तेव्हा आत पवार सर एकटेच होते, त्यांचा तो तास मोकळा होता. मी त्यांना बातमी सांगितली. त्यांनी मला खुणेने विचारलं, नववीवर कोण आहे? कोणी नाही, मी म्हटलं. सर उठले, कपाटामागच्या खिळ्याला टांगलेलं निळं स्टूल काढलं, काखेत धरलं आणि निघाले. थोड्या वेळाने गलका थांबला. मी व्हरांड्यातून वर्गाच्या दारापर्यंत गेले. मॅडमची खुर्ची टेबलामागे रिकामी होती. सर खिडकीपाशी स्टुलावर बसले होते, हातात कोणाची तरी विज्ञानाची वही, आणि ऐकू यावं म्हणून पुढे वाकलेल्या वर्गाला त्या तुटक्या आवाजात विचारत होते, ‘तुमच्या मॅडम कशा शिकवतात, ते आधी सांगा मला.’