दाद द्यायला मनाई

आमच्या अंबरीषच्या आयुष्याचे तीन कालखंड आहेत. ही विभागणी माझी नाही, त्याने ती बीथोव्हेनकडून उचलली आहे. बँकेने तीन वर्षांसाठी तोक्योला पाठवलं, तिथल्या कोतो वॉर्डात फ्लॅट मिळाला, आणि पहिल्याच हिवाळ्यात ह्याला शोध लागला की डिसेंबर आला की जपानात ठिकठिकाणी हौशी लोक जमून बीथोव्हेनची शेवटची सिंफनी गातात. कारकून, दंतवैद्य, आज्ज्या, सगळे. आपल्याकडे गणपतीत आरतीला कोणीही उभं राहतं, तसं. झालं, माकडाच्या हाती कोलीत.

तेव्हापासून रोज जेवताना बीथोव्हेनचं चरित्र. पहिल्या काळात म्हणे तो गुरूंच्या वळणावर लिहायचा, नीटनेटकं, सभ्य. दुसऱ्या काळात कान जायला लागले तसं सगळं मोठं आणि दणदणीत झालं. तिसऱ्या काळात पूर्ण बहिरा, आणि लिहिलं असं की ऐकणाऱ्यांनी डोकी खाजवली. "सेम टू सेम मी," अंबरीष म्हणतो. लग्नाच्या वेळी हा सासऱ्यांसारखी मिशी ठेवून त्यांच्यासारखंच बोलायचा, हे खरं. मधली दहा वर्षं दणदणाट होता, हेही खरं. आणि आता मी "कचरा खाली ने" म्हटलं की ह्याला ऐकू येत नाही.

"वाईट एकच वाटतं, वृंदा," तो म्हणायचा. "ह्या सिंफनीच्या पहिल्या कार्यक्रमाला हॉल टाळ्यांनी दणाणला, आणि हा लोकांकडे पाठ करून उभा. गायिकेने धरून वळवलं तेव्हा कळलं. आयुष्यभराची दाद, आणि बिचाऱ्याला ती नुसती बघावी लागली." इथे त्याचा आवाज खरंच भरून यायचा. मग तो आणखी एक पोळी मागायचा.

तर दुसऱ्या वर्षी वॉर्डाच्या कोरसमध्ये जागा नव्हती, तिसऱ्या वर्षी मिळाली. हा खर्जाच्या रांगेत. जर्मन शब्द देवनागरीत लिहून फ्रिजवर कोणत्या दिवशी कोणता कचरा ते सांगणाऱ्या कॅलेंडरवरच चिकटवले, आणि मी प्लास्टिकच्या दिवशी भाज्यांची सालं खाली नेऊन ठेवली. रियाज बाथरूममध्ये. लिफ्टमध्ये सूचना लागली की आवाजाबद्दल सर्वच रहिवाशांनी काळजी घ्यावी. "कोण असेल गं?" ह्याने मला विचारलं.

पण घोटाळा गाण्यात नव्हता, गप्प बसण्यात होता. तालमीत कोणाचा सूर छान लागला की ह्याच्या तोंडून "वा" निघायचं, वर मांडीवर थाप. इथे सभागृहात लोक खोकलासुद्धा मध्यंतरापर्यंत धरून ठेवतात. नोव्हेंबरात कोरसच्या संचालिका मोरी-सान वाकून म्हणाल्या, "अंबरीष-सानचा आनंद आम्हाला फार आवडतो. तो मनात ठेवता आला तर किती बरं होईल." हा फुगून घरी आला. "बाई जाम खूश आहेत माझ्यावर."

आमची कौमुदी चौदा वर्षांची, इथे चांगलीच मुरलेली. फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, दॅट मीन्स वन मोर साउंड अँड यू आर आउट."

त्या दिवशी अंबरीष जेवला नाही. मार्चमध्ये मुंबईला परत बदली होती, म्हणजे पुढचा डिसेंबर नव्हता. "एकदा त्या स्टेजवर उभं राहायचंय गं," तो म्हणाला. "नाहीतर जपानात येऊन काय केलं, तर फायली." मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. मी डब्यातली आवळा सुपारी काढून दिली. म्हटलं, तोंडात धर आणि तोंड उघडू नकोस. उरलेल्या तालमी सुपारीवर निभावल्या.

कार्यक्रमात गाणं अगदी शेवटी. तोवर कोरसने स्टेजवर नुसतं बसायचं, आणि वाद्यं ऐकायची. म्हणजे ह्याची खरी परीक्षा तिथेच. मी तिसऱ्या रांगेत बसून फक्त ह्याच्याकडे बघत होते. पहिला भाग गेला, गाल सुपारीने फुगलेला. दुसऱ्यात नगारे वाजले आणि ह्याचा हात मांडीकडे निघाला. मी डोळे वटारले. हात परत गेला.

मग संथ भाग आला. माझं माहेर मिरजेचं. हे संगीत म्हणजे सगळे एकाच वेळी बोलताहेत, असंच मला वाटत आलं होतं. पण इथे एकच चाल आली, गेली, पुन्हा आली, दर वेळी थोडी आणखी भरलेली. व्हायोलिनं तिला गोंजारत पुढे नेत होती. अगं बाई, ही तर आपल्या ख्यालातली बढत. आणि करणाऱ्याने ती कानांनी कधी ऐकलीच नाही. माझे डोळे भरले. व्हायोलिनं हळूच एका सुरावर येऊन टेकली आणि कोणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं, "वाऽह."

ती मी होते.

पुढच्या सगळ्या पाठी ताठ झाल्या. कौमुदी "हाझुकाशी" म्हणत लाजेने खुर्चीत बुडाली. वाद्यवृंदापुढे ताल देणारा मोरी-सानचा हात थांबला नाही. स्टेजवर अंबरीष लालबुंद, हसू दाबून खांदे गदगदताहेत, पण ओठ घट्ट. हूं की चूं नाही. मग तो सगळ्यांबरोबर उभा राहिला आणि पोटातून गायला.

परतीच्या गाडीत डबा नेहमीसारखा चिडीचूप होता. मी कुजबुजले, "मोरी-सानची माफी मागते मी."

"माफी कसली," तो तितक्याच हळू म्हणाला. "पण मिरजेची ना तू? दाद द्यायची जागा येऊन गेली होती. दोन मात्रा उशिरा दिलीस."

"बीथोव्हेनला दोनशे वर्षं उशीर झालाच होता," मी म्हटलं. "त्यात दोन मात्रांचं काय एवढं?"

अंबरीषने माझ्याकडे बघितलं. मग त्या गप्प डब्यात त्याने मांडीवर सणसणीत थाप मारली आणि म्हणाला, "क्या बात है."