तांब्याची डेग

"खोली लहान आहे, म्हणून आपण कशाला अंग चोरायचं?" असं म्हणत वहिनी दोन्ही हात पसरायच्या.

त्या आखातात, मनामा शहरात, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. सलमाबादच्या एका इंटिरियरच्या ऑफिसात डिझायनर होत्या.

आखातातले आपल्या लोकांचे हॉल तुम्हीही पाहिले असतील. घडीचं टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या. उद्याच निघायचंय अशा बेताने माणसं वर्षानुवर्षं राहतात. वहिनींना त्याची चीड होती.

एका शुक्रवारी त्यांनी भंगारवाल्याकडून तांब्याची डेग आणली. अख्ख्या लग्नाचा भात शिजावा एवढी! लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्याने चढवली. आतून कल्हई करून घेतली, बीममध्ये लोखंडी हूक ठोकून घेतला आणि डेग जेवणाच्या टेबलावर उपडी टांगली. आत दिवा.

"वहिनी, परत जाताना हिचं काय करणार?" मी विचारलं.

"जाताना बघू, भावोजी. आत्ता जेवायला बसा."

बसलो. कल्हईचा उजेड ताटांवर उतरला आणि एवढ्याशा हॉलमध्ये कुणा मोठ्या घरी पंगतीला आल्यासारखं वाटलं.

पुढे त्यांच्या मिस्टरांच्या कंपनीने माणसं कमी केली. मिस्टरांची नोकरी गेली. दोघांनी साताऱ्याला परतायचं ठरवलं.

वरच्या मजल्यावरच्या काकू लगेच आल्या. "तरी मी सांगत होते! आता दे ती भंगारात."

"भंगारातूनच काढलीय काकू. परत टाकायला नाही."

सोफा विकला, फ्रिज विकला, टेबलही गेलं. शेवटच्या संध्याकाळी वहिनींनी आम्हा सगळ्यांना बोलावलं, काकूंनासुद्धा, आणि डेगेखाली खोक्यांवर बसवून वरणभात वाढला. मिस्टर खाली मान घालून भात चिवडत होते. नोकरी गेल्यापासून ते असेच बसायचे.

"अहो, जरा वर बघा ना," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी मान वर केली. आम्हीही केली. कल्हईत आमची सगळ्यांची तोंडं उलटी, फुगलेली दिसत होती. काकूंचं सगळ्यात मोठं. मिस्टर हसायला लागले, ते थांबेचनात. वहिनींनी त्यांच्या भातावर तूप वाढलं.

सकाळी डेग दोरांनी बांधून पिकअपवर चढली. मीना सलमान बंदरावरच्या गोदामातून ती कार्गोने जाणार होती. वहिनी स्वतः पोचवायला निघाल्या.

"साताऱ्याचा हॉल केवढा आहे हो?" मी विचारलं.

"इथल्याच्या निम्मा."

"मग?"

"मग काय! मधली भिंत पाडायची."

आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसत त्या त्याला म्हणाल्या, "यल्ला!"