शेंगतेलावरचं इंजन

स्वातंत्र्य आलं होतं, डिझेल येत नव्हतं. सासऱ्यांनी मळ्यातल्या विहिरीवरच्या इंजनात घरचं शेंगतेल ओतलं. मला विचारलं नाही. चालू करायला घोटभर डिझेल, तापलं की शेंगतेल. इंजन मजेत चाललं. आम्ही कोरडी चटणी खाल्ली.

धुराला तळणीचा वास यायचा. त्या वासावर आजऱ्याला निघालेला एक वाटसरू मळ्यात आला.

"बसा की पावणं," सासरे म्हणाले. मग मला म्हणाले, "भजी टाक."

"तेल इंजनात हाय."

वासानं आलेला पावणा उपाशी कसा घालवायचा? सासऱ्यांनी इंजन थांबवलं, टाकीतलं तेल किटलीत काढून माझ्यापुढं ठेवलं. मी भजी तळली.

पावण्यांनी दोन ताटल्या संपवल्या. "चव जरा येगळी हाय," ते म्हणाले.

"इंजनानं कधी तक्रार केली न्हाय," मी म्हणाले.