नव्या आवाजाला पहिली दाद

इंदापूरच्या बस स्टँडामागं आमच्या ओळखीच्या एका काकांचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. बारामतीची गाडी चुकली की मी तिथंच बसतो. जुनी गाणी गाणाऱ्यांच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नव्या माणसाला पहिली दाद त्यांचीच असायची. हातातलं काम बाजूला ठेवून ते डोळे मिटून अख्खं गाणं ऐकत आणि फोनवर बोलूनच उत्तर पाठवत, "ब्येस झालं. सूर हलला तर हलू द्या, पर गात ऱ्हावा."

सांगवीची एक सून बरेच दिवस ग्रुपमध्ये नुसती ऐकत होती. "ताई, एक कडवं म्हणा की. हितं समदी घरचीच हायती," असं म्हणत त्यांनीच तिला गातं केलं. ती सुरेख गायली. कुणीतरी ते गाणं तिच्या गावात पाठवलं, ते चहाच्या टपरीवर वाजलं, आणि घरच्यांनी तिला मारून फोन काढून घेतला.

हे कानावर येताच काका मला घेऊन सांगवीला गेले. सासऱ्यांनी ओट्यावर बसवून चहा दिला.

"आबा, चूक माजी हाय. पोरीला बोल लावू नगा," काका म्हणाले.

"आमच्यात कुणी गात न्हाय," सासरे शांतपणे म्हणाले. आत भांडी घासण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

परवा ग्रुपमध्ये एका नव्या बाईंनी विचारलं, "मी गाऊ का?" मी दुकानातच होतो. काकांनी बोलायला फोन तोंडाजवळ नेला, मग तो खाली ठेवून उघडलेला मिक्सर पुढं ओढला.