इंग्रजाची खुर्ची

आमचे सेक्रेटरी माणसाचं तोंड नंतर बघत, आधी पाय बघत. दारात उभे राहून, टायची गाठ चाचपत विचारत, "बूट खंय?" चपला दिसल्या की आत प्रवेश नाही. मीही दोनदा भर उन्हात घरी जाऊन बूट घालून आलोय.

निवृत्त माणसं काय काय उद्योग करतात ते तुम्हीही पाहिलं असेल. मालवणात आम्ही आठ-दहा जणांनी ब्रिटिश वारसा क्लब काढला होता, दारावर इंग्रजीत बोर्डही लावला होता. कल्पना सेक्रेटरींची. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चारला त्यांच्याच पडवीत जमायचं. टेबलावर पांढरी चादर, किटलीवर लोकरीची टोपी. मालवणच्या उकाड्यात चहा निवेल कसा, हे विचारायची सोय नव्हती. इंग्रज आधी हवेविषयी बोलतात, म्हणून पहिली दहा मिनिटं हवेची.

"आज उकडता."

"होय. काल पण उकडत होता."

एवढ्यावर हवा संपायची आणि उरलेली नऊ मिनिटं आम्ही एकमेकांचे टाय बघत बसायचो. मग काकडीची सँडविचं खायची, गोऱ्यांच्या शिस्तीचं कौतुक करायचं आणि भुकेल्या पोटी घरी जाऊन सुक्या बांगड्याबरोबर पेज जेवायची. एकदा मी म्हणालो, याच गोऱ्यांना घालवायला माझे आजोबा तुरुंगात गेले होते.

"म्हणान काय चाय वायट झाली?" सेक्रेटरींनी विचारलं.

टेबलाच्या टोकाला वेताची एक खुर्ची कायम रिकामी असे. ती इंग्रजाची. सेक्रेटरींचे आजोबा एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होते. जन्मभर चहा केला, साहेबाने एकदाही बरा म्हटला नाही. एखाद्या खऱ्या इंग्रजाने या खुर्चीत बसून नातवाचा चहा प्यावा आणि बरा म्हणावा, एवढीच त्यांची इच्छा होती. "येतलो रे, एक दिस येतलो," असं ते म्हणत. आम्ही पाठीमागे हसत असू.

आणि तो खरंच आला. एका रविवारी दारात रिक्षा थांबली. उन्हाने लाल झालेला, हाफ पँटमधला एक गोरा उतरला. पायात रबरी स्लिपर. सेक्रेटरींनी पाय बघितले आणि म्हणाले, "सॉरी. शूज." तो बिचारा स्वतःच दोनदा सॉरी म्हणून परत गेला. आम्ही सगळे आपापले टाय सारखे करत बसून राहिलो. मीही, आणि ते मला अजून खातं.

"गोव्याचो कोणतरी हिप्पी," असं म्हणत सेक्रेटरी समाधानाने चहा ओतू लागले.

दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात तोच रिक्षावाला त्यांना भेटला. मी शेजारीच होतो.

"तो विलायतेचो मास्तर, काका. तुमचो बोर्ड बघून माका थांबवक सांगल्यान. आज सकाळी तो गोव्याक गेलो."

सेक्रेटरींनी माशांची पिशवी माझ्या हातात दिली आणि थेट एसटी गाठली. गोव्याच्या हद्दीवरच्या बांद्याला उतरून संध्याकाळपर्यंत हायवेवर उभे राहिले. गोव्याला गेलेला माणूस बांद्याच्या नाक्यावर कसा सापडणार, हे त्यांना सांगायला जवळ कोणी नव्हतं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दाराशी काळ्या बुटांची पॉलिश केलेली जोडी दिसली, आत मोजे.

"माझेच जुने. घरात पडान होते," ते म्हणाले. "कोण इलो तर परत जावक नको."

त्यानंतर "बूट खंय?" त्यांनी कोणालाच विचारलं नाही. आम्ही सर्रास चपलांनी येऊ लागलो. त्यांची नजर रस्त्यावर असे. हवेच्या गप्पा ते अर्धा अर्धा तास लांबवत आणि चहा उशिरा ओतत.

यंदा ते गेले. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी सवयीने चपलांनीच गेलो. दाराशी बूट तसेच होते. वाटलं, आज तरी त्यांच्या मनासारखं करावं. चपला काढून त्यात पाय घातले, तर बूट मला कितीतरी मोठे झाले. सेक्रेटरींचे पाय तर माझ्याहून लहान होते. मी एक बूट उलटून पाहिला. तळाला मातीचा कणही लागलेला नव्हता.

मी रुमालाने दोन्ही बूट पुसले आणि होते तसेच, घराकडे तोंड करून, पुन्हा ठेवून दिले.