निळा ब्लेझर आणि मागची खोली

त्या रविवारी घरात कोण कोण होतं ते आधी सांगते. मी होते. माझी मुलगी होती, तेवीस वर्षांची. माझी नणंद होती, स्थळ तिनंच आणलं होतं. पाहुणे तीन आले होते, मुलगा, त्याची आई आणि त्याचा मामा. आणि मागच्या खोलीत, ओढून घेतलेल्या पडद्याआड, माझे मालक, म्हणजे मुलीचे वडील, होते. ते घरात नाहीत असं सांगायचं आम्ही सकाळीच ठरवलं होतं.

हे आज आठवायचं कारण म्हणजे वास. मी आता लेकीकडे असते, वसईजवळ गिरीजला. जावयाला आज कुणाच्या तरी साखरपुड्याला जायचं आहे. त्यानं दुकानातून आणलेली नवी जीन्स पिशवीतून काढून माझ्या पलंगावर टाकली, आणि तो वास आला. न धुतलेल्या जीन्सचा वास ज्यानं जवळून घेतलाय त्यालाच कळेल. निळीचा असतो, ओल्या गोणपाटाचा असतो, त्यात कुठंतरी रॉकेलसारखं काही असतं. आमच्या चाळीतल्या खोलीला तो वास होता. भाताला होता, उशीला होता, मालकांच्या केसांना होता. जावई आरशापुढं उभा राहून जीन्सवर ब्लेझर घालून बघत होता, बाह्या ओढत होता. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. तो म्हणाला, "आई, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "वाटतंय."

आम्ही मूळचे खाडीकाठचे, मिठागरावरचे. मिठागर बंद पडलं तशी मालकांना वसईच्या पूर्वेला एका गाळ्यात नोकरी लागली आणि आम्ही गाव सोडून नालासोपाऱ्याच्या चाळीत आलो. त्या गाळ्यात नव्या जीन्स जुन्या करायचे. ऐकायला विचित्र वाटतं, पण तोच धंदा. कोरी करकरीत पँट यायची, तिच्या मांडीवर आणि गुडघ्यावर नळीनं वाळूचा फवारा मारायचा, म्हणजे तिथला रंग उडून पांढुरका पट्टा पडतो आणि पँट दोन वर्षं अंगावर वापरल्यासारखी दिसते. तशीच लोकांना आवडते. फवारा मारायचं काम मालकांचं. तोंडाला एक रुमाल, बस. संध्याकाळी घरी आले की पापण्यांवर वाळू असायची, मी ओल्या फडक्यानं पुसून काढायची. मी स्वतः घरी पँटींचे धागे कापायची आणि खिशाच्या कडा काचकागदानं घासायची. मिठागरात पायाला मीठ खायचं ते दिसायचं तरी, भेगा पडायच्या, रक्त यायचं, माणूस तेल लावायचा. ही वाळू आत जात होती, दिसत नव्हती. नऊ वर्षांनी खोकला सुरू झाला. डॉक्टरनं छातीचा फोटो काढून सांगितलं, हा क्षय नाही, छातीत धूळ बसलीय, ती आता निघणार नाही. मी विचारलं, औषध? तो म्हणाला, काम सोडा. काम सोडलं, खोकला काही सुटला नाही.

पण लोक फोटो बघत नाहीत, खोकला ऐकतात. मुलीची दोन स्थळं त्या खोकल्यावर परत गेली. पहिल्यांनी निरोपच दिला नाही. दुसऱ्यांची बाई दारातून जाताना म्हणाली, "घरात क्षय आहे तर आधी सांगायचं." मी तिला डॉक्टरचा कागद दाखवायला आत गेले, तोवर ती रिक्षात बसली. तिसऱ्या वेळी नणंद म्हणाली, "वयनी, दादा जहाजावर हाय म्हनून सांगू. वसईतल्या निम्म्या घरांतले बाप्ये जहाजावर असतात, कोन विचारतंय?" मालक तिथंच बसले होते. ते म्हणाले, "सांगा." रविवारी आपणहून मागच्या खोलीत गेले, पाण्याचा तांब्या घेतला, तोंडात धरायला पंचा घेतला आणि पडदा ओढून घेतला.

मुलगा आला तो जीन्सवर ब्लेझर घालून. त्या काळी आमच्याकडं मुलगी बघायला कुणी असं येत नसे. इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट, फार तर सफारी. हा वसईत पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानात विकायला उभा राहायचा, काचेतल्या पुतळ्यांना कपडे चढवायचा. त्याला त्यातलं वेड होतं. त्याचा मामा मात्र रिक्षातून उतरल्यापासून त्याला छळत होता.

"बघा हो ताई," मामा मला म्हणाला, "वरून वकील, खालून हमाल. मी म्हटलं, अरे, एक काहीतरी हो."

"मामा, याला कॅज्युअल म्हणतात," मुलगा म्हणाला.

"आमच्या वेळी याला पैसे कमी पडले म्हणत."

सगळे हसले. मुलगीपण हसली, तोंड खाली घालून. मला तेव्हाच वाटलं, इथं जमेल. मुलगा उगाच साहेबी आणत नव्हता, पण कपड्यांवर बोलायला लागला की त्याचा चेहरा उजळायचा. मामाला समजावून सांगत होता की ब्लेझर घालायचा तर जीन्स गडद हवी, फाटकी चालत नाही, आणि मांडीवर झीज हवी ती अगदी हलकी. मामानं त्याच्या मांडीवर टिचकी मारली. "मग ही जुनी कशाला घालून आलास? मुलगी बघायला येताना नवी घ्यायचीस."

"नवीच आहे मामा, कालच घेतली. हे असं मशीनमधूनच येतं. आपोआप."

आणि आत मालकांना हसू आलं. मला त्यांचं हसू माहीत होतं, ते आधी नाकातून यायचं. पंचा तोंडात होता तरी आलं, आणि हसण्यामागून खोकला आला. एकदा सुरू झाला की तो थांबत नसे. पडद्याआड माणूस फाटत होता आणि बाहेर आम्ही सहा जण कपबश्या धरून बसलो होतो. मुलाच्या आईनं कप खाली ठेवला. मामानं विचारलं, "आत कोण आहे?"

नणंदेनं माझ्याकडं बघितलं. मुलीनं नाही बघितलं. मी म्हटलं, "भाडेकरू हाय. मागची खोली दिलीय."

इतकं सरळ बोलले मी. जीभ अडखळली नाही. मामा म्हणाला, "भाडेकरू बघून ठेवावा हो," आणि मुलीच्या शिक्षणाची गोष्ट काढली.

ते गेल्यावर मी पडदा सारला. मालक भिंतीला टेकून बसले होते, पंचा लाल झाला होता. मी म्हटलं, "मी चुकले. उद्या जाऊन सांगते." ते म्हणाले, "काय नको. पोरगा बरा हाय. कपड्याला हात लावताना जपून लावतो, मी फटीतून बघितलं." मग थोडा दम घेऊन म्हणाले, "भाडं कवा देऊ?" मी हसले नाही. ते मात्र हसले, आणि पुन्हा खोकले.

खोटं एकदा घरात आलं की त्याला जेवायला वाढावं लागतं. आमचं खोटं रोज जेवत होतं. होकार आला, साखरपुडा झाला. साखरपुड्याला मालक आले नाहीत. आणि मग एका गुरुवारी मुलगा न सांगता आला, पत्रिकेचा नमुना दाखवायला. मी बाजारात होते. परत आले तर दोघं ओट्यावर बसलेले. मालकांनी त्याची मांडी धरली होती आणि पँटीवरून अंगठा फिरवत होते, डॉक्टर पोट बघतो तसा.

"हा पट्टा वर चढलाय," मालक सांगत होते. "नळी जवळ धरली कारागिरानं. हातभर लांब धरायला पायजे."

"काका, हे हातानं करतात? मशीन नाही?"

"मशीन मीच."

तो पोरगा दोन तास बसला. आपण दुकानात रोज विकतो त्या कपड्याला हात कुणाचा लागतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं मालकांना त्याच्याकडचं सांगितलं, खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच बसली पाहिजे, बाहीखाली शर्टाचा काठ बोटभर दिसला पाहिजे, खालचं बटण उघडं सोडायचं. मालक म्हणाले, "बटन हाय तर लावायचं नाय कशाला?" "तशी पद्धत आहे काका." "मग लावलंच कशाला त्यानं?" दोघं हसत होते. मी दारात पिशवी घेऊन उभी. जाताना तो म्हणाला, "काका, लग्नाला यायचं हं. भाडेकरू असलात म्हणून काय झालं, मुलीकडचेच तुम्ही."

त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. पत्रिका अजून छापायची होती, काही बिघडलं नसतं कदाचित. पण मालकांनी माझ्याकडं बघून मान हलवली, नाही अशी. रात्रभर मी त्यांच्याशी भांडले. ते एकच बोलत राहिले, "पोरीचं मोडेल. मी किती दिवसांचा?"

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मुलगा पिशवी घेऊन आला. त्यात एक गडद जीन्स होती आणि एक निळा ब्लेझर, गिऱ्हाइकानं परत केलेला, आतलं अस्तर जरा उसवलेलं. म्हणाला, "काकांसाठी." मालकांनी आयुष्यात जीन्स घातली नव्हती. मिठागरावर लंगोट, मग गाळ्यात हाफ पँट, घरी लुंगी. मी अस्तर शिवलं, जीन्सला कमरेला चार चुण्या घातल्या. ब्लेझर चढवला तर दोन्ही खांदे लोंबायला लागले, आत हाडंच उरली होती. त्यांनी आरशात बघितलं आणि म्हणाले, "शिवन हाडावर बसली पायजे म्हनत होता." मग मी दोन हातरुमाल घड्या करून खांद्यात आतून टाके घालून बसवले. तेव्हा ते जरा माणसासारखे दिसले.

लग्न विरारला हॉलमध्ये झालं, त्यांच्या बाजूनं. आमची चाळीस माणसं, सगळ्यांना बजावून ठेवलेलं. मुलीचे वडील जहाजावर, रजा मिळाली नाही. कन्यादानाला माझा भाऊ आणि भावजय बसले. मी बाजूला उभी होते, हातात हिरवा चुडा, कपाळावर कुंकू, आणि ज्याच्या नावानं ते कुंकू होतं तो शेवटच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, खालचं बटण उघडं सोडून. भटजींनी मुलीच्या हातावर पाणी सोडायला सांगितलं तेव्हा मी मागं बघितलं. खुर्ची रिकामी होती. ते बाहेर जाऊन जनरेटरच्या मागं खोकत होते. तिथला आवाज मोठा, म्हणून तिथं.

मुलगा आणि मुलगी सगळ्यांच्या पाया पडले. माझ्या, भावाच्या, नणंदेच्या, मामाच्या. फोटोवाल्यानं मुलीकडच्यांना बोलावलं तेव्हा जावयानं स्टेजवरून हाक मारली, "काका, तुम्हीपण या." ते आले, अगदी कडेला उभे राहिले. माझी मुलगी सरळ कॅमेऱ्याकडं बघत राहिली. तिनं मान वळवली असती तर सगळं तिथंच सांडलं असतं. त्या पोरीनं त्या दिवशी काय गिळलं ते मी तिला कधी विचारलं नाही, तिनंही मला सांगितलं नाही.

दिवाळीच्या आधी मालक गेले. जावयाला कळवलं, काका गेले. तो दुकानातून तसाच आला. बाहेर माणसं जमली होती, तिरडी बांधत होती. त्यानं इकडंतिकडं बघून विचारलं, "यांच्या घरचं कुणी आलं का? अग्नी कोण देणार?" माझा भाऊ चपला शोधायला लागला. तेव्हा माझी मुलगी ओट्यावरून खाली उतरली आणि म्हणाली, "मी देनार. बाप हाय माझा."

त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही तेव्हा. तो तिच्याबरोबर मडक्यामागं चालत गेला, लाकडं लावली, सगळं केलं. तेराव्याला माझ्यासमोर बसला. मला वाटलं, विचारेल, फसवलंत का. त्यानं ते विचारलं नाही. म्हणाला, "मी लग्नात सगळ्यांच्या पाया पडलो. त्यांच्या नाही पडलो. त्यांना मी काका म्हटलं." एवढं बोलून उठला. पुढं वर्षभर त्यानं माझ्या घरचं पाणी घेतलं नाही. बायकोला कधी घालूनपाडून बोलला नाही, मला आजारपणात रिक्षानं घेऊन गेला, पण आई म्हटलं नाही. मग कधीतरी म्हणायला लागला. का, ते मला माहीत नाही. मी विचारायला गेले नाही, माणूस थकतोसुद्धा.

आता वीस वर्षं झाली. तो गाळा बंद पडला, तिथं इमारत उभी आहे. जावई सांगतो, आता वाळू मारत नाहीत, लेझर म्हणतात त्या उजेडाच्या मशीननं पट्टे पाडतात. तो सांगताना माझ्याकडं बघत नाही. आज तो ब्लेझर घालून दारातून निघाला तेव्हा त्याचे केस मागून पांढरे झालेले दिसले. मालक गेले तेव्हा त्यांचे अजून काळे होते. ते असते तर आज पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून त्याला म्हणाले असते, पट्टा वर चढलाय. ते कर्तबगार, हसरे होते म्हणून नाही सांगत. साधे होते, जिवंत होते, त्या रविवारी माझ्या घरात होते, आणि मी त्यांना आपलं म्हटलं नाही. पोरीचा संसार झाला, तो खरा आहे, चांगला आहे. तो दुसऱ्या कुठल्या रस्त्यानं झाला असता का, हे मला कोण सांगणार?

वाचणाऱ्याला एक सांगणं आहे. घरी पाहुणे यायचे असतील आणि घरात कुणी खोकणारं असेल, तर त्याला मागच्या खोलीत बसवू नका. पुढं बसवा, त्याच्याजवळ पाणी ठेवा, आणि कोण म्हणून विचारलं तर खरं नातं सांगा.